कुठल्या आवाजाला

गॅरेजात वर्तमानपत्र अंथरून आउलिसने
तीन इंजिनं मांडलीत, पकडून आणलेल्या माशांसारखी.
फोकरचं नाक आखूड. दोन मीटर पंख, पायांत स्की.
कुओपिओचं तळं गोठलंय, रविवारी उडवायचंय.

टू-स्ट्रोक हलकं, पण मग नाकात पाव किलो शिसं भरा.
फोर-स्ट्रोक जड, म्हणजे शिसं वाचलं. किंमत मात्र...
"मोटर घ्या, आजोबा," वेन्ला म्हणते. "ना तेल, ना धूर."
उणे अठरात बॅटरी मान टाकते,
हे तिलाही माहीत आहे.

तो कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतो,
फोर-स्ट्रोक सुरू करतो, तळवा मेजावर टेकवतो.
कॉफीच्या कपात चमचा किणकिणतो. त्याला ते दिसतं.

"आई वर न बघताच सांगायची:
आपलं. किंवा: त्यांचं.
आपलं असलं की आम्ही मेजाखालून निघून
गार झालेलं सूप संपवायचो."

मग इंजिन बंद करून:
"पाठ फिरव. तिन्ही लावतो एकेक.
मला आता नीट कळत नाही.
तू फक्त सांग,
कुठल्या आवाजाला बाहेर येशील."