तार्तू, फेब्रुवारी

बाहेर उणे एकोणीस.
उर्मास खिडकीशी बसून केर काढतोय,
तीस वर्षांच्या कोडमधला.

आज पाळी एका टेपयंत्राच्या ड्रायव्हरची.
कंपनी बुडाली, यंत्रं भंगारात गेली,
हा मात्र दर रात्री इमानाने कंपाइल होत राहिला,
न येणाऱ्या पाहुण्याचं
पान मांडून ठेवावं तसा.

ओळ चारशे बारा. वेल्योची टीप:
‘लेक झोपलीय. उरलेलं उद्या.’
त्या उद्याची नोंद कुठेच नाही.
लेक आता तिशीची असेल.

चार हजार ओळी एका दमात गेल्या.
या एकीपाशी कर्सर
बराच वेळ नुसता लुकलुकला.

पहाटे बिल्ड पार पडलं, बिनतक्रार.
कुणाचं काहीच अडलं नाही.

उर्मासने बूट चढवले, फावडं घेतलं,
आणि दारातला बर्फ
उगाचच हळू उपसू लागला.