सत्त्याण्णव टक्के

विट्यात वीज गेली की आधी माग थांबतात,
मग फोन सुरू होतात.
सॉफ्टवेअरला अकरा सेकंद पुरतात:
बिघाड भाळवणी फाट्यापुढं,
स्विच जोडा, खात्री सत्त्याण्णव टक्के.

त्याच्या नकाशात तो खांब अजून
रस्त्याच्या जुन्या कडेलाच उभा आहे,
रुंदीकरणाआधीच्या.

उरलेल्या तीन टक्क्यांत
इलाही मुलाणी मावतो का,
शिडीसकट, दातांत पकड धरून?

फोन लागत नाही त्याचा.
मागवाले माझ्या आईपर्यंत पोचलेत.
पडद्यावर हिरवं बटण
हुशार पोरासारखं हात वर करून बसलेलं.

लागला.
"उतरलोय की कवाच, ताई. च्या पितोय."

सहा मिनिटं, चाळीस सेकंद.
अहवालात उशिराचं कारण विचारलंय.
मी लिहिते:
चहा.
खोडते. लिहिते: मानवी.