कोपर

पुंता अरेनासला वारा सुटला
की नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
या खांबापासून त्या खांबापर्यंत.
म्हाताऱ्यांनी, दप्तरवाल्या पोरांनी धरून चालावं म्हणून.
डॉक्टर पावेस म्हणाल्या, यास्ना,
तुझ्या सवयी म्हणजे हेच दोर.
मी मान डोलावली.
मनात म्हटलं, बाई, तुम्ही सांतियागोच्या, आल्याला तीन महिने झाले नाहीत.
एका हातात पावाची पिशवी घेऊन
कधी लोंबकळलाय दोराला?
तळहात सोलून निघतात.

पहाटे चारला जाग येते.
मी बोलावलेली नसते.
छातीवर कुणी ओलं घोंगडं टाकून गेलेलं,
आणि हिशेब आधीच सुरू झालेला :
गॅस. कुलूप. पुन्हा गॅस.
मिर्कोचा फोन नाही, म्हणजे खेकड्यांची बोट उलटली.
ओयार्सोबाईंच्या कोटाला मी चेन लावली ती उसवणार,
बाई चर्चमध्ये उघड्या कोटानं उभ्या राहणार,
न्यूमोनिया, शवपेटी,
आणि त्यांच्या पाची मुली माझ्या दुकानाच्या दारात.
एवढं सगळं चार वाजून सहा मिनिटांच्या आत.
मन चिंती ते वैरी न चिंती.
वैऱ्याला निदान झोप तरी लागते.

मग पाय जमिनीवर.
फरशी गार असते. ते तिचं काम, ती चोख करते.
ओट्सची पेज, चिमूटभर मीठ.
पहिले दोन घास घशाशी भांडतात,
तिसरा मुकाट्यानं जातो.
गोळी. पाणी. गोळीची पट्टी दिव्याखाली,
म्हणजे घेतली की नाही हा वाद नको.
अकरानंतर कॉफी बंद.
हे मला अजून अन्यायाचं वाटतं.

जुलैत सगळं सुटलं.
काळोखाचा महिना, नऊनंतर कुठे उजाडतं.
चार दिवस अंथरुणात बिस्किटं,
पाचव्या दिवशी बिस्किटंही संपली.
केसांना फणी नाही. दुकानाला टाळं.
दारावर नखं वाजली. निबाल्दोकाकांचा कुत्रा,
एक डोळा नसलेला,
गळपट्ट्यात चिठ्ठी : माझे गुडघे गेले, याला समुद्र दाखवून आण.
चिठ्ठीत माझी चौकशी नव्हती.
म्हणून मी बूट घातले.

मोडक्या धक्क्याच्या खांबांवर पाणकावळे बसले होते,
खांद्याला खांदा लावून, शेकड्यांनी,
सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे.
कुत्रा त्यांच्यावर भुंकला. ते हलले नाहीत.
मी बरी झाले नाही त्या दिवशी.
केस धुतले फक्त.
दुसऱ्या दिवशी पेज करपली, तीच खाल्ली.

अडलेली चेन ओढायची नसते.
मेणबत्ती घासायची दातांवरून,
एकेका दातावरून, वर, खाली,
आणि गिऱ्हाईक घाई करत असलं तर त्याला चहा द्यायचा.
हे मला हातानं येतं.
स्वतःच्या बाबतीत मी अजून घाई करणारं गिऱ्हाईकच.

नोव्हेंबरात वारा आला. खरा वारा.
चौकातल्या दोरावर मी अर्ध्यात पोचले होते,
समोरून एक निळा कोट येत होता, म्हणजे येत नव्हता :
मुठी आवळून, डोळे मिटून, जागच्या जागी.
टोपी केव्हाच सामुद्रधुनीत गेलेली.
डॉक्टर पावेस.
मी ओरडले, हातानं नाही, बाई, कोपरात धरा!
दोर काखेत घ्या, थोडं वाका,
झोत येईल तेव्हा थांबायचं,
ओसरला की दोन पावलं. दोनच.
त्यांनी दोर कोपरात घेतला.
मला वाट द्यायला त्यांना येईना,
मग मीच एक हात सोडला,
त्यांना वळसा घालून पुन्हा दोर पकडला.
तेवढ्यात काळजाचा ठोका चुकला तो चुकलाच.

पलीकडच्या खांबाशी पोचले
आणि आठवलं : गॅस.
परत गेले नाही.
म्हणजे, वळले होते.
पण दोरावर आता माणसं येत होती,
आणि ओयार्सोबाई दुकानापाशी उभ्या होत्या,
कोट गळ्यापर्यंत बंद.