पार्सनिपला मराठीत काय म्हणतात

मिसेस ऍकरॉइड दारात ठेवून गेल्यात
वर्तमानपत्रात गुंडाळून, मातीसकट.
बेल वाजवली नाही, बाळ झोपलं असेल म्हणून.
पांढुरके, शेपटीवाले, एकाला तर दोन पाय,
जणू कुठंतरी निघाला होता आणि
टॉडमॉर्डनच्या दगडात अडखळला.

मी त्यांना नळाखाली धरतो.
पाणी इतकं गार की बोटं माझी राहत नाहीत.
माती जाते, तरी सुरकुत्यांत थोडी उरतेच,
ती चाकूच्या टोकानं काढतो, रेघ रेघ.
मागच्या वर्षी या वेळेला
मी मँचेस्टरमध्ये लोकांच्या विम्याचे आकडे
एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नेत होतो,
आणि जेवण म्हणजे
डाव्या हातानं प्लॅस्टिकचं झाकण उचलणं,
उजव्यानं टाइप करत राहणं.

आता आठवड्याचे तीनच दिवस.
गाडी विकली.
कल्याणीनं वहीत उभी रेघ मारली,
एका बाजूला 'लागतं', दुसऱ्या बाजूला 'वाटतं'.
कॉफीवरून भांडण झालं.
कॉफी 'लागतं'मध्ये गेली.

दुकानात तयार बरण्या मिळतात, खोटं कशाला बोलू,
मीही आणल्या होत्या सहा.
झाकण उघडताना टक् असा आवाज,
आत सगळ्या भाज्यांचा एकच रंग.
लेबलवरचं बाळ हसत होतं. आमचं रडलं.

मग इडलीपात्र निघालं.
या खळग्यात पार्सनिप, त्या खळग्यात गाजर,
मधल्यात चार वाटाणे, उगाच, सोबतीला.
वाफेनं खिडकी पुसट होते,
समोरची टेकडी जाते, मेंढ्या जातात,
राहतो फक्त शिट्टीविना शिजण्याचा आवाज.
मिक्सर मंगळवारी जळाला.
त्यानंतर माळ्यावरून पुरणयंत्र उतरलं,
सासूबाईंनी बॅगेत कोंबलेलं,
या घरात ज्यानं चार वर्षं पुरण पाहिलं नव्हतं.
दांडा फिरवला की जाळीतून
उतरतं काहीतरी पिवळसर, रवाळ, गरम,
आणि स्वयंपाकघराला होळीचा भास होतो
डिसेंबरात.

उष्टावण मामानं करायचं असतं.
म्हणून हेरंबमामा सांगलीत नवा सदरा घालून
फोनमध्ये बसलाय, चांदीचा चमचा
कॅमेऱ्याच्या नाकाशी धरून.
काय म्हणालास, काय आहे ते?
पार्सनिप.
म्हणजे मुळा?
नाही.
पांढरं गाजर?
तसंही नाही.
मीठ घातलंस?
वर्षभर घालायचं नसतं.
मामा गप्प. कुणी गेल्यासारखा गप्प.
मग हळूच: तूप तरी?
तूप आहे, नखाएवढं.
मग चालेल, मामा म्हणतो, आणि ताठ बसतो.

त्याचा चमचा तिथं पुढे येतो, माझा इथं.
त्याचा अर्धा सेकंद उशिरा पोचतो.
शाल्मली आधी माझ्याकडे बघते,
मग फोनकडे, मग चमच्याकडे,
आणि तोंड उघडते ते चमच्यासाठी नाही,
जांभईसाठी. मी संधी साधतो.

चेहरा आवळतो. कपाळ, नाक, हनुवटी
सगळं एका ठिकाणी गोळा होतं.
अर्धं बाहेर येतं, लाळेत न्हालेलं.
उरलेलं आत, विचाराधीन.
मग घास उतरतो, गळ्यातून खाली जाताना दिसतो,
आणि ती टेबलावर तळवा आपटून म्हणते:
म्फं.

घ्या, मामा ओरडतो, झालं बारसं!

कुंपणापलीकडून मिसेस ऍकरॉइड विचारतात, गोड आहेत ना?
दोनदा जमीन गोठू दिली मी, मगच उपटले.
घाई केली तर नुसता चोथा लागतो.
मी चमचा चाटून बघतो.
आठ वर्षं झाली या देशात,
हे मी कधी खाल्लंच नव्हतं.

कल्याणी बर्फाच्या साच्यात उरलेलं भरते,
कागदी पट्टीवर लिहिते:
म्फं, दोन डिसेंबर, बारा तुकडे.

दोन पायांचा एक मात्र शिजवला नाही.
तो खिडकीत उभा आहे.
काच निवळली की त्याला कालवा दिसेल.