तिसऱ्या फेरीचं वळण

गाडी निळी. लहरीनं निवडलेली.
तिसऱ्या फेरीला, पुलाखालच्या वळणावर
ती गोठते.
धूळ हवेत तशीच, मागचं चाक अर्धं उचललेलं,
आणि स्पीकरमधून एकच अक्षर,
ट्ट्ट्ट्ट्ट,
कुणी दार वाजवतंय आणि हात काढून घ्यायला विसरलंय.

"पप्पा, परत."

हा कॉम्प्युटर लहरीहून एका वर्षानं मोठा.
टॉवेलची बिलं करायला घेतला होता, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये,
मागांपासून सहा पावलांवर.
माग विकले तेव्हा हा तेवढा घरी आला.

कंट्रोल, ऑल्ट, डिलीट करून झालं.
बटण दाबून धरलं, सात मोजले.
रॅम काढून खोडरबरानं घासली,
लहरीच्या कंपासपेटीतला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
फॉरमॅट मारला. त्याआधी जुनी बिलं पेनड्राइव्हवर चढवताना
बंद पडलेल्या दुकानांची नावं वाचत बसलो.
मग सावल्या बंद केल्या, झाडं बंद,
प्रेक्षक बंद.
रिकाम्या मैदानातही गाडी त्याच वळणावर थांबली.

नवी पेठेतला मल्लिनाथ म्हणाला,
ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत की ओ,
भंगारात घाला, किलोवर जातो.
उचलून बघितला आणि म्हणाला,
वजन मात्र चांगलं भरंल.

सोलापूरचा एप्रिल. बाहेर त्रेचाळीस,
पत्र्याखाली किती ते आम्ही मोजत नाही.
नायना बाजेवर.
अडतीस वर्षं माग चालवून कान गेलेत त्यांचे,
म्हणजे माणसांचं ऐकू येत नाही.
मशीनचं येतं.
उठले, कॅबिनेटवर तळहात ठेवला, ताप बघावा तसा.
"पंखा फिरतोय. वारा येत नाही. उघड."

चार स्क्रू. त्यातल्या एकाचे आटे गेलेले,
तो नुसता हातात आला.

आत कापूस.
पात्यांच्या मागं, ॲल्युमिनियमच्या दातांत
दाबून बसलेला, गादीसारखा.
नायनांनी चिमटीनं ओढला तर थरांनी निघाला.
वर पांढरा, ती हॉस्पिटलची ऑर्डर.
त्याखाली हिरवा. मग लाल,
हैदराबादची पार्टी, जिनं निम्मे पैसे बुडवले.
सगळ्यात आत निळा.
त्या वर्षी लहरी रांगत होती
आणि रात्रपाळीला आठच्या आठ माग चालायचे.
पेनड्राइव्ह उगाच भरला मी.

लहरी म्हणाली, ई.
नायना खोकले. बराच वेळ खोकले.
आम्ही दोघं पंख्याकडे बघत राहिलो.

दात घासायच्या जुन्या ब्रशनं झाडलं,
पेस्ट लावली तुरीच्या दाण्याएवढी,
झाकण लावलंच नाही, टेबलफॅन आतल्या बाजूला वळवला.
पहिली फेरी. दुसरी.
पुलाखालून निळी गाडी अशी गेली
की लहरी खुर्चीवर उभीच राहिली.
सहावी. नववी.
अकराव्या फेरीला
ट्ट्ट्ट्ट्ट.

मी शिवी गिळली.
नायना म्हणाले, इतकी वर्षं शेडवर काय बघितलास?
आडवा धागा तुटला की माग आपला आपण थांबतो.
जो थांबत नाही, तो हातभर कापड वाया घालवतो.
थांबला म्हणजे बिघडला, असं कोण सांगितलं बे तुला?

लहरीनं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं:
दहा फेऱ्या, मग दहा मिनिटं गार.
आणि गार झाल्यावर म्हणाली, ताता, आता तुझा नंबर.

डावा बाण, उजवा बाण.
नायनांची बोटं धोट्याच्या चालीनं पडायला लागली,
डावं उजवं डावं उजवं,
रस्ता सरळ असला तरी.
पहिल्याच वळणावर भिंत.
पुन्हा भिंत.
चाकं तिथंच गरगरत होती, इंजिन ओरडत होतं,
आणि त्यांनी मान तिरकी करून
स्पीकरला कान लावला.
"हे चांगलं चाललंय," म्हणाले.