बद्द

रात्री पावणेतीनला वडनेरे आले,
नाशिकच्या भांडी बाजारातले तांबट,
पोट घागरीसारखं.
कालपासून वारा सरला नाही, सून म्हणाली,
आणि उलटी हिरवी.

जेल गार लागलं तसे दचकले.
भिंतीवरची पाटी वाचली त्यांनी,
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही,
आणि कळ दाबून विचारलं,
"मग माझं तरी सांगणार ना?"

हसले नाही मी. प्रोब फिरवत होते.
फुगलेलं आतडं, साडेतीन सेंटिमीटर,
आतल्या घड्या पेटीच्या पट्ट्यांसारख्या उभ्या,
आणि पाणी पुढे जाई, थबके, मागे येई,
संध्याकाळी द्वारकेच्या चौकात सापडल्यासारखं.
उजवीकडे, खाली सरकले.
अपेंडिक्सच्या जुन्या व्रणाखाली
आतडं एकदम चपटं, रिकामं, गप्प.
इथेच कुठेतरी.
अडकवणारा दोरा सोनोग्राफीत दिसत नाही,
दिसतो त्याने केलेला खोळंबा.

"आवाज येतो का तुम्हाला?"
मशीनला येतो, म्हटलं. मला नुसतं चित्र.
"आम्ही टिचकी मारतो.
चिरलेलं भांडं बद्द बोलतं."

सर्जनला उठवलं. रिपोर्ट लिहिला.
जेल पुसायला कागद दिला,
तर ते स्वतःच्याच पोटावर टिचकी मारून
कान देत होते.
काय ऐकलं, ते सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी वॉर्डात गेले
दुसऱ्याच कुणासाठी,
आणि त्यांची फाइल उघडली.
सिस्टरचं तिरकं अक्षर, पहाटे चार दहा :
वारा सरला.