हातचा

डॉक्टरांनी तारीख दिली होती तीस जून.
तू आलीस दोन जुलैला.
सुईण म्हणाली, दोन दिवस म्हणजे काहीच नाही ग,
काही बाळं आपल्या सवडीनं येतात.
मी विश्वास ठेवला तिच्यावर.

आता मार्च संपतोय.
वेकफिल्डच्या या स्वयंपाकघरात, जिथं फ्रिज उघडला की दार अडतं,
मी तुला कडेवर घेऊन नाचले होते:
नऊ महिन्यांच्या बाळाला सरकार देतंय
आठवड्याला तीस तास, फुकट!
तुला वाटलं, हा खेळ आहे. तूही हसलीस.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी लोकांना विचारायचे,
शेवटची ओळ दिसते का?
अंदाजानं सांगू नका.
आणि शेवटची ओळ मीच वाचली नव्हती:
एकतीस मार्चपर्यंत नऊ महिने भरले, तर एप्रिलपासून.
नंतर भरले, तर सप्टेंबर.

तुझे भरतात दोन एप्रिलला.

नर्सरीतली केली-ॲन चहा देते,
आवाज खाली आणून सांगते, तीसही वर्षभर नाहीत हो,
शाळेच्या अडतीस आठवड्यांपुरते.
बावन्नांवर पसरले तर बावीसही पुरते नाहीत.
जेवण वेगळं. नॅपी वेगळे. उन्हाचं मलम वेगळं.
तिचा स्वतःचा मुलगा बार्न्सलीला, तिच्या आईकडे;
इथली जागा तिला परवडत नाही.
हे ती सांगते पावती फाडता फाडता.

शेजारची मॉरीन म्हणते, आम्हाला तर एक तासही नव्हता,
सत्त्याहत्तर साली मी गिरणी सोडली ती सोडलीच.
खरंच आहे तिचं.
मी मान हलवते, आणि तिच्या बोटांकडे बघते,
अजूनही काहीतरी गुंडाळत असल्यासारखी हलणारी.

रात्री वीजबिलाच्या पाठीवर
मी आणि तुझा बाबा बेरीज मांडतो.
शाळेत बाई सांगायच्या, हातचा विसरू नका,
सगळं उत्तर चुकतं.
एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट.
पाच महिने हा हातचा
कुणी धरायचा?

त्यानं बेकरीची रात्रपाळी मागून घेतलीय.
माझी रजा सोमवारी संपते.
सकाळी साडेआठला तो आत येईल, मी बाहेर पडेन,
उंबऱ्यावर तू या कडेवरून त्या कडेवर.
तुला पावाचा वास येईल, मग झोपलेल्या बापाचा.
त्याला झोप कधी, हे कागदावर कुठं लिहायचं
ते आम्हाला सापडलं नाही.

फॉर्म विचारतो, बाळाची जन्मतारीख बरोबर आहे का?
तपासून पाहा.
मी तपासते.
तू टेबलाखाली बसलीयस, कुणाचाही आधार न घेता,
आजच जमलंय तुला ते,
चमचा फरशीवर आपटतेस.
एकदा. दोनदा.
थांबून माझ्याकडे बघतेस,
आणि पुन्हा.